श्वानदंश आणि परदेशचा प्रवास

पिसाळलेल्या जनावराच्या दंशावरील लस लुई पाश्चर यांनीं प्रथम माणसाला टोंचविली ती ६ जुलै १८८५ रोजीं. तो रोगी म्हणजे आल्सास प्रांतांतून पॅरिसला आणलेला जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा. तो वांचला. पुढल्या वर्षीं रशियांतील स्मोलेन्स्क येथून लांडग्यानें फाडलेले एकोणीस लोक पॅरिसला पोंचले. त्यांपैकीं तिघे दगावले, सोळा घरीं परतले. त्या काळीं दंश झालेल्या माणसालाच लसीच्या शोधांत देशांतर करावें लागे. हिंदुस्थानांत कसौलीची पाश्चर संस्था १९०० सालीं निघाली, तेव्हां कोठें ही लस या देशांत आली. आतां ती पुष्कळ ठिकाणीं मिळते. पण माणूसच घर सोडून दूरदेशीं जाऊं लागला आहे.

वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी घ्या. विनोबांचें वास्तव्य आणि मृत जनावरांचीं कातडीं कमावणारें चर्मालय यांमुळें हें गांव १९३० नंतरच्या दशकांत ठाऊक झालें. येथें आळींतलें ओळखीचें कुत्रें एखाद्या मुलाला चावलें, तर लस लगेच सुरू करून तें कुत्रें दहा दिवस नजरेखालीं ठेवतां येतें. तें धडधाकट राहिलें, तर दंशाच्या वेळीं त्याच्या लाळेंत विष नव्हतें असें समजून डॉक्टर पुढील टोंचण्या थांबवूं शकतात. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालयही फार दूर नाहीं. तोच मुलगा बाली बेटाच्या समुद्रकांठीं असेल, तर कुत्रें कोणाचें आणि उद्यां तें कोठें सांपडेल, हें कोण सांगणार? दहा दिवसांचा पहारा हें घरीं राहणाऱ्याचें साधन आहे, प्रवाशाचें नव्हे. बाली २००८ पर्यंत या रोगापासून मुक्त होतें. पुढें तेथें पुष्कळ माणसें दगावलीं.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच जोखमीचा. इंग्लंड किंवा न्यूझीलंडमध्यें वाढलेलीं नातवंडें सुटींत आजोळीं येतात. तिकडे रस्त्यावरचें कुत्रें त्यांनीं पाहिलेलें नसतें; तीं इकडे दिसेल त्याला कुरवाळावयास धांवतात, आणि ओरखडा निघाला तर रागावतील म्हणून तो लपवितात. मुलांना न रागावतां विचारण्याची संवय घरांत असली, तर निम्मी चिंता मिटते.

हें विष लाळेंतून जखमेंत शिरतें व मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सरकतें. त्यास बहुधा दोनतीन महिने लागतात. क्वचित् आठवडा, क्वचित् वर्षही लागतें. सुश्रुतानें वर्णिलेला जलत्रास एकदां दिसूं लागला कीं मृत्यु जवळजवळ अटळ, हें आजही खरें आहे. जें कांहीं करावयाचें तें या मधल्या अवधींतच. आणि तो किती मोठा आहे हें कोणालाच आधीं ठाऊक नसतें. म्हणून ‘परत गेल्यावर पाहूं’ हें प्रवाशाचें वाक्य घातक होय.

जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें घड्याळ लावून पंधरा मिनिटें धुवावी. मिरची, चुना, तेल यांपैकीं कांहीं लावूं नये. मग लस. ती कातडींत दिल्यास पहिल्या दिवसास शून्य धरून ०, ३, ७ व २८ या दिवशीं, स्नायूंत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं देतात. पोटांतल्या चौदा सुयांची धास्ती आतां नको. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. परंतु लसीनें शरीरांत प्रतिकारशक्ति उभी राहण्यास आठवडाभर किंवा अधिकही काळ लागतो. म्हणून रक्त आलेल्या जखमेंत इम्युनोग्लोब्युलिन नांवाचें तयार प्रतिद्रव्यही भरावें लागतें. खरी अडचण येथेंच आहे: हें औषध महाग, आणि जगांत कित्येक ठिकाणीं तें मिळतच नाहीं.

त्यावर उपाय निघण्यापूर्वींचा. जनावरांच्या डॉक्टरांना जी लस आगाऊ देतात, तीच प्रवाशानेंही टोंचून घ्यावी: ० व ७ या दिवशीं आणि भारतांतील प्रघाताप्रमाणें २१ किंवा २८ व्या दिवशीं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून पहिल्या दोनच मात्रा पुरेशा मानते. मग दंश झाल्यास ० व ३ या दिवशींच्या दोन टोंचण्यांवर भागतें, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाहीं. दंशानंतर कांहींच नको असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोन टोंचण्या घ्याव्याच लागतात.

कुत्र्यांत हा रोग नसलेल्या देशांतही वटवाघूळ हातीं धरूं नये. स्कॉटलंडमध्यें २००२ सालीं त्यांच्या दंशानें एक मनुष्य दगावला. मंदिरांतल्या माकडांना खाऊ भरविण्याचा मोहही आंवरावा. परदेशीं लस सुरू झाली, तर तिचें नांव, मात्रा आणि तारखा लिहिलेला कागद पारपत्राबरोबर जपून ठेवावा. त्यावरून राहिलेल्या टोंचण्या घरीं परतल्यावर पुऱ्या करतां येतात.