टायरचे आयुष्य

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तसा मोटारसायकलच्या चाकाला रबरी टायर असतो. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. अशा टायरमध्ये गाडीचा भार मुख्यतः हवाच पेलते. हवा कमी असली, की टायर चेपतो, तापतो व कडांनी झिजतो. ती अधिक झाली, तर मधोमध झिजतो. म्हणून टायर थंड असताना हवेचा दाब वरचेवर तपासावा. करकचून ब्रेक लावल्यानेही रबर घासले जाते. परंतु काटकसरीलाही मर्यादा असते. टायरवरील खाचा पावसाचे पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या, की टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. असा टायर वापरून पैसा वाचविणे म्हणजे प्राण धोक्यात घालणे होय.