सव्वासहा किलोंची 'बिस्मार्क'

1940 साली जर्मन नौदलात दाखल झालेली 'बिस्मार्क' ही युद्धनौका 251 मीटर लांब होती. 1:200 प्रमाणातलं तिचं रिमोटवर चालणारं मॉडेल सव्वा मीटरचं होतं. पण वजन? लांबी 200 पट घटली, की आकारमान 80 लाख पट घटतं. म्हणून 50 हजार टनांची नौका सव्वासहा किलोंवर येते. त्याहून हलकी झाली, तर पाण्याखाली राहायला हवा तो तळाचा लाल रंग वर दिसतो. मग बॅटरी आणि शिशाचे तुकडे अगदी तळाशी बसवायचे. वजन वर गेलं, तर वळताना मॉडेल कलंडतं.

वेगाचं गणित मला सर्वांत सुंदर वाटतं. नौकाअभियंते विल्यम फ्रूड यांच्या नियमानुसार वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. 30 नॉटऐवजी सेकंदाला साधारण 1.1 मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका! तेवढाच ठेवला, तर पुढच्या टोकाशी उठणारी लाट थेट खऱ्या नौकेसारखी दिसते.