भाताच्या पोंग्यातली माशी: पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणीची घाई नको



आवणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की एकाच प्रकारच्या तक्रारी सुरू होतात. नव्या पानाची कड कुरतडल्यासारखी, पानावर पांढरट-पिवळे पट्टे, बारीक भोकं, आणि वारा आला की पान तिथंच मोडतं. शोधलं तर पानावर अळी सापडत नाही. मग प्रश्न येतो, "सर, काय मारू?"

हे काम एका बारीक माशीचं आहे. शास्त्रीय नाव हायड्रेलिया फिलिपिना. करडा रंग, लांबी 2 मिमीच्या आसपास. ती पानावर एकेक अंडं घालते. 2 ते 6 दिवसांत अळी निघते. ही बिनपायाची, दुधी रंगाची अळी पोंग्यात शिरते आणि न उघडलेल्या पानाच्या कडा व आतला हिरवा भाग खाते. पान उघडल्यावर आपल्याला नुकसान दिसतं, पण खाणं त्याआधीच झालेलं असतं. म्हणजे खराब पान बघून मारलेलं औषध त्या पानाला वाचवत नाही.

*आत्ताच का येते?*
या माशीला उघडं, चमकणारं पाणी लागतं. नवीन आवणीत चुडांच्या मधे ते भरपूर असतं. दाट रोपवाटिकेत आणि पेरभातात म्हणूनच तिचा त्रास सहसा कमी असतो. फुटवे वाढून पाणी झाकलं की माशी आपोआप कमी होते. भात हे शेवटी गवतच, त्यामुळे ती हरळी आणि पाखडावरही जगते. नुसता बांध साफ करून ती संपणार नाही. खाचरातली पाखड मात्र काढाच, ती भाताचं खत खाते.

*फवारणी का नको?*
फुटवे येण्याच्या काळात भात हे नुकसान नव्या पानांनी आणि फुटव्यांनी भरून काढतो. भरपूर फुटवे येईपर्यंत खुणा बहुधा दिसेनाशा होतात. पण सुरुवातीलाच औषध मारलं तर कोळी आणि अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मरतात. हेच मित्रकीटक पुढे तपकिरी तुडतुडे आटोक्यात ठेवतात. ते गेले की तुडतुड्यांना रान मोकळं, आणि दाणा भरताना पीक जळाल्यासारखं होतं. आजच्या फवारणीचा खर्च पुढच्या दोन फवारण्या ओढून आणू शकतो.

व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात 1990 च्या दशकात शेतकऱ्यांना एक साधी गोष्ट सांगितली गेली: पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी पहिले 40 दिवस फवारू नका. शेतकऱ्यांनी थोड्या जागेत स्वतः करून पाहिलं आणि फवारण्या बऱ्याच कमी केल्या. आपणही एका खाचरात हे करून बघू शकतो.

*मग करायचं काय?*
1. पाणी सोडता येत असेल तर 3-4 दिवस खाचरातलं पाणी उतरवा. जमीन ओली राहू द्या, भेगा पडू देऊ नका. युरिया नुकताच टाकला असेल तर थांबा, नाहीतर खत वाहून जाईल.
2. अ‍ॅझोला असेल तर राहू द्या. पाणी झाकलं की माशी कमी बसते.
3. युरियासोबत "असू दे" म्हणून दाणेदार औषध टाकू नका.
4. दर 4-5 दिवसांनी खाचरात फिरून 20 चुडांचं सगळ्यात नवीन पान बघा. जुनं खराब पान मोजू नका. नवीन पान स्वच्छ येत असेल तर काळजी नाही.

*गल्लत करू नका*
गाभा वाळून ओढल्यावर सहज निघाला तर तो खोडकिडा. कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी दिसली तर गादमाशी. पानाचे तुकडे गुंडाळून पाण्यावर तरंगत असतील तर सुरळीतली अळी. यांचे उपाय वेगळे आहेत.

हळव्या जातीची आवणी उशिरा झाली असेल तर भाताला सावरायला दिवस कमी मिळतात. अशा खाचरात महिन्यानंतरही नवीन पान खराब येत असेल, तर दुकानात जाण्याआधी पोंग्याचा जवळून आणि पूर्ण खाचराचा असे दोन फोटो ग्रुपवर टाका. सोबत जात आणि आवणीची तारीख लिहा. बघून सांगतो.

– आपल्या कंपनीचा पीक सल्ला विभाग