कोळशाची चाकं, लाखाचा भाव!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. कोळशाच्या घराण्यातलं, वजनाला हलकं, ताकदीला भारी आणि किंमत ऐकून आईबाबांना घेरी! ओळखा पाहू काय?

नाही ना आलं? मलाही आलं नसतं. पण दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला ताईकडे गेले आणि पाहते तर काय, घरात अबोला! माझा भाचा नववीत आहे. तो तीन दिवस आईशी बोलतच नव्हता. कारण? सायकलची चाकं! साधीसुधी नव्हेत हं, माउंटन बाइकची कार्बनची चाकं.

"मावशी, तूच सांग आईला," तो मला बघताच म्हणाला. "आजोबांनी माझ्या नावावर एक लाख रुपये ठेवलेत ना? मग ते माझेच ना? शर्यतीत सगळे पुढे जातात गं, मीच मागे राहतो."

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते पैसे त्याच्या शिक्षणासाठी आहेत. आजोबांनी शब्द घेतलाय माझ्याकडून."

दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. मग मी काय केलं? शाळेत करते तेच. म्हटलं, "भांडण बाजूला ठेवा. वही-पेन्सिल आणा. आधी चाक समजून घेऊ, मग गणित मांडू."

डोंगरावरची सायकल

अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन नावाचा परगणा आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरावर जायची आणि कच्च्या रस्त्यानं धाडधाड खाली यायची. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यत सुरू केली. तिचं नाव 'रिपॅक'. का, माहीत आहे? उतारावर ब्रेक दाबून दाबून मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळून जायचं. मग दर वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे 'रिपॅक'!

पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची अशा मंडळींनी खास डोंगरासाठी सायकली बनवल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. म्हणजे बघा, ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांच्याकडे कार्बन सोडाच, धड ब्रेकही नव्हते!

कार्बन म्हणजे काय हो?

तुमच्या पेन्सिलीच्या शिशात कार्बन आहे, चुलीतल्या कोळशातही आहे. मग त्याचं चाक कसं होतं? सांगते. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर तुम्हाला माहीत आहे. तिच्याच नात्यातला एक धागा घेतात. आधी तो हवेत तापवतात आणि मग हवा लागू न देता १००० अंशांहून जास्त तापमानात भाजतात. बाकीची मूलद्रव्यं वायू होऊन निघून जातात, उरतो जवळजवळ शुद्ध कार्बन. हा तंतू किती बारीक? आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका! १९६० च्या सुमारास जपानचे अकिओ शिंदो यांनी अशा धाग्यापासून कार्बनचे तंतू बनवून दाखवले.

या तंतूंच्या पट्ट्या राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजवतात, साच्यात एकावर एक थर लावतात आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. तंतूची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेनं असते. बांबू उभा चिरला तर पटकन फाटतो, आडवा मोडायला जोर लागतो, तसंच हे. म्हणून कुठला थर कुठल्या दिशेनं लावायचा हे फार विचारपूर्वक ठरवावं लागतं. यातलं बरंचसं काम कारागीर हातानं करतात. किंमत चढते ती इथे. परदेशी नामांकित कंपन्यांची माउंटन बाइकच्या चाकांची जोडी हजार ते अडीच हजार डॉलरपर्यंत जाते. म्हणजे लाखाच्या घरात किंवा त्याच्याही वर!

आता मांडा गणित

पाण्याच्या मानानं अल्युमिनियम २.७ पट जड, तर तंतू आणि राळ मिळून झालेला कार्बन साधारण १.६ पट. म्हणजे कार्बन हलका, यात वादच नाही. पण चाकात फक्त रिम नसते. हब, स्पोक, छर्रे हेही असतातच. भाच्याला हवी असलेली जोडी आणि चांगल्या अल्युमिनियमची जोडी यांत फरक निघाला सुमारे ३०० ग्रॅमचा.

आता भाच्याचं वजन ५० किलो, सायकल १३ किलो. एकूण ६३ किलो. त्यातले ३०० ग्रॅम म्हणजे किती टक्के? करा भागाकार. अर्धा टक्कासुद्धा भरत नाही! यवतेश्वरचा घाट चढायला त्याला ४५ मिनिटं लागतात. त्यातला अर्धा टक्का म्हणजे फार तर १३ सेकंद.

"पण मावशी, फिरणारं वजन दुप्पट धरतात!" भाचा म्हणाला. बरोबर बोलला हो! रिम पुढेही जाते आणि गरगर फिरतेही. म्हणून वेग वाढवताना रिमवरचा एक ग्रॅम दोन ग्रॅमसारखा जाणवतो. पण हे फक्त वेग घेताना. घाटात एकसारख्या चालीनं चढताना ग्रॅमचा ग्रॅमच राहतो. आणि दुप्पट धरलं तरी ते ६०० ग्रॅम, म्हणजे एक टक्काही नाही.

मग मी त्याची पाठीवरची बॅग उचलली आणि वाण्याच्या काट्यावर ठेवायला लावली. साखळी-कुलूप, पान्यांचा संच, जुना स्वेटर, चार महिन्यांपूर्वीच्या शेंगदाण्यांची पुडी! भरली २ किलो ४०० ग्रॅम. नको ते बाहेर काढलं, तर १ किलो १०० ग्रॅम राहिले. वाचले किती? १३०० ग्रॅम. म्हणजे कार्बनच्या चार जोड्यांची बचत, तीही फुकटात! तो स्वतःच खो खो हसला आणि घरातला अबोला तिथेच संपला.

मग शर्यतवाले वेडे का?

मुळीच नाही. वजनापेक्षा कार्बनचा मोठा गुण म्हणजे त्याचा ताठपणा. जोरात वळण घेताना, दगडावर आदळताना चाक कमी वाकतं, आपली रेषा सोडत नाही. सारखा सारखा आउट काढावा लागत नाही. सेकंदा-सेकंदानं पदक हुकतं, तिथे एवढाही फायदा मोलाचा.

पण दुसरी बाजूही ऐका. फार ताठ चाक खडबडीत वाटेवर हातांना हादरे देतं. म्हणून उतारावरच्या शर्यतीतले काही खेळाडू मुद्दाम अल्युमिनियमच्या रिम वापरतात. शिवाय अल्युमिनियम मार लागला तर बहुधा वाकतं, पोचा दिसतो. कार्बन वाकत नाही, तडकतो. तडा बारीक असला तर चटकन दिसतही नाही, आणि तडकलेली रिम सहसा बदलावीच लागते. काही कंपन्या मोडल्यास बदलून देण्याची हमी देतात, पण तो कागद नीट वाचावा. रिम पाठवण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारावं. आणि नाव-गाव नसलेली स्वस्तातली कार्बनची चाकं? त्यांच्या वाटेला जाऊ नका. आत थर नीट बसलेत की पोकळी राहिलीय, ते बाहेरून कळत नाही, आणि प्रश्न आपल्या हाडांचा असतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली गंमत सांगते. ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीवर असताना त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं! चाक बदलण्यात तो मागे पडला. पण एकेकाला गाठत गेला आणि शेवटी फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्णपदक घेऊन गेला. ऑलिंपिकची सायकल म्हणजे उत्तमातली उत्तम. तीही पंक्चर होते, मित्रांनो!

आमचं काय ठरलं?

आम्ही कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मागचं चाक हातानं फिरवलं आणि कपाळावर आठी आणली. "अरे, हे शेवटचं उघडलंस कधी?" हबमधलं ग्रीस वाळलेलं, छर्रे झिजलेले! ते बदलले, दोन्ही चाकांचा आउट काढला, गुळगुळीत झालेले टायर बदलले. काकांनी टायरची हवाही थोडी कमी करून दिली. कच्च्या वाटेवर जरा कमी हवेचा टायर जमीन चांगली धरतो. उरलेल्या खर्चात चांगलं हेल्मेट आलं. आजोबांच्या पैशाला हात लागला नाही. ताईनं घरखर्चातून भागवलं.

भाच्यानं मात्र वहीत एक अट लिहून ठेवलीय आणि ताईनं खाली सही केलीय: 'जिल्ह्याच्या शर्यतीत पहिल्या दहांत आलो, तर चाकांचा विषय पुन्हा काढायचा. तेव्हा निम्मे पैसे मी साठवलेले असतील.' मला ही अट फार आवडली.

परवा त्याचा फोन आला. "मावशी, यवतेश्वर ४१ मिनिटांत!"

"छर्ऱ्यांची कमाल, की टायरची?" मी विचारलं.

तो थोडा थांबून म्हणाला, "आठवड्यातून चार दिवस पहाटे उठतोय ना, त्याची असेल."

आता दोन शब्द पालकांसाठी. मूल महागडी वस्तू मागतं, तेव्हा 'नाही म्हणजे नाही' म्हणणं सोपं असतं. पण एकदा त्याच्याबरोबर वही घेऊन बसा. हिशोब त्याच्या हातानं होऊ द्या. उत्तर 'नाही' आलं, तरी ते त्याचं स्वतःचं असेल.

आणि मुलांनो, तुम्ही आज एक करा. सायकल उचलून चाक हलकेच फिरवा. खरखर ऐकू येते का? चाक डुलतं का? मग आपल्या गावच्या सायकलवाल्या काकांना गाठा बरं!