गाडी बंद पडली तर? पिकअप घेण्याआधीचा प्रश्न

आमच्या एरंडोलला सध्या मोबाईलवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एक लग्नातल्या डीजेचे आणि दुसरे नव्या पिकअपला हार घालतानाचे. नारळ फुटतो, पेढा भरवला जातो, गाडी पद्मालयाच्या गणपतीला जाऊन येते. तिथे व्हिडिओ संपतो आणि हप्ता सुरू होतो.

माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, बी.कॉम. झालाय. दोन वर्षं नोकरीचे अर्ज भरून झाले. मग त्याने ठरवलं, की स्वतःची डिझेल पिकअप घ्यायची आणि मका, कापूस, भाजीपाल्याची भाडी मारायची. बजेट दहा लाख. त्यातले दोन लाख आधी भरायचे. ते आणण्यासाठी मावशीने स्वतःची सोन्याची पोत बँकेत ठेवायची तयारी दाखवली. हे ऐकल्यावर घरात सगळे गप्प झाले. कारण आता प्रश्न नुसत्या गाडीचा राहिला नव्हता.

"कोणती घेऊ?" दादाने मला विचारलं. मी म्हटलं, मला गाडीतलं काय कळतं? तर म्हणाला, "तू पत्रकार व्हयनी ना, मंग इचार ना लोकेस्ले!"

मग मी विचारत सुटले.

शोरूममध्ये कुणी 'बंद' म्हणत नाही

पहिला धडा शोरूममध्येच मिळाला. तिथे ताकद, मायलेज, वजन, ऑफर, सगळं सांगतात. जीएसटीचंही सांगतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्यात. हे खरंच आहे. वजनाच्या शर्यतीचंही कौतुक होतं. २००५ मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' आला तेव्हा छोट्या मालवाहू गाड्यांचं नवं युग सुरू झालं. २०२२ मध्ये टाटा योद्धा २.० दोन टन वजन उचलायला लागली, तर २०२३ मध्ये महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप दोन टनांपर्यंत पोचली.

पण मी विचारलं, "गाडी बंद पडली तर?" समोरचे दादा हसले आणि म्हणाले, "मॅडम, नवी गाडी बंद कशाला पडेल?"

याचं उत्तर मला हायवेला लागून उभ्या असलेल्या पिकअपवाल्यांकडे मिळालं. त्यातल्या एका काकांची गाडी जेमतेम वर्षाची. हौद्यात टोमॅटोचे कॅरेट, आणि जळगावच्या अलीकडेच गाडीने जोर सोडला. माल दुसऱ्या गाडीत भरायला दुपार झाली. उन्हाने निम्मा माल मऊ पडला. बिघाड निघाला एका सेन्सरचा. वस्तू हाताच्या मुठीत मावेल एवढी, पण ती यायला अकरा दिवस लागले. काका म्हणाले, "गाडी बंद पडस त्यानं दुख नही. ती कव्हय सुरू व्हई हाई कोनी सांगत नही, त्यानं दुख शे."

माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. आपण भरवसा मोजतो तो गाडी किती वेळा बिघडते यावर. धंद्यात मोजायचं असतं, की बिघडल्यावर ती किती दिवस उभी राहते.

उभ्या दिवसाची किंमत

दादाने आणि मी वहीत हिशेब मांडला. आठ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १७,००० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर रोजचे साडेसहाशे रुपये नुसत्या हप्त्याचे. गाडी पळो की उभी राहो, बँक ते सोडत नाही.

आता समजा, डिझेल आणि हमाली वजा जाता दिवसाला २,००० रुपये सुटतात. गाडी अकरा दिवस उभी राहिली तर २२,००० गेले. म्हणजे एक अख्खा हप्ता आणि वर पाच हजार. शिवाय ज्या व्यापाऱ्याचा माल अडकला, तो पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. तो आकडा वहीत मांडता येत नाही.

हाच हिशेब उलटाही करता येतो. दोन गाड्यांमध्ये ६०,००० रुपयांचा फरक असेल, तर महागडीचा हप्ता महिन्याला साधारण १,२७५ रुपयांनी वाढतो. वर्षाचे झाले १५,३००. म्हणजे महागडी गाडी वर्षातले आठ उभे दिवस वाचवणार असेल तरच ती परवडते. नाहीतर ते साठ हजार फक्त नावाचे. 'महाग म्हणजे मजबूत' आणि 'स्वस्तात मस्त' या दोन्ही गोष्टी आधी या वहीतून पास व्हायला हव्यात.

पान्याने सुटणारा प्रश्न आता स्कॅनरवर

टॉप गिअर या ब्रिटिश कार्यक्रमातली ती जुनी टोयोटा हायलक्स तुम्ही पाहिली असेल. २००३ मध्ये त्यांनी ती समुद्रात बुडवली, पेटवली, पाडायच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवून इमारतच पाडली. तरी ती सुरू झाली. डिझेल पिकअप म्हणजे लोखंडी म्हातारी, तिला काही होत नाही, हा समज अशाच गाड्यांनी पक्का केला. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट नीट बघा. ती गाडी नवे पार्ट न घालता, साध्या हत्यारांनी सुरू केली होती. तसं इंजिन आज नव्या गाडीत मिळत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं, धूर कमी झाला. हे आपल्या फुप्फुसांसाठी चांगलंच. पण त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. या जाळीत काजळी साठते आणि मग प्रचंड उष्णतेने ती जाळून टाकावी लागते. ते काम गाडी आपोआप करते, पण त्यासाठी तिला थोडा वेळ एका लयीत पळायला मिळालं पाहिजे.

अडचण इथेच आहे. गल्लीतून दुकान, दुकानातून गोदाम, दर दहा मिनिटांनी इंजिन बंद, अशी गाडी चालवली तर जाळी साफ व्हायला वेळच मिळत नाही. मीटरवर दिवा लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "लागू दे, गाडी तर चालतेय." काही दिवसांनी गाडी स्वतःच जोर कमी करते आणि मग खर्च मोठा होतो. एका ग्यारेजवाल्या मिस्तरींनी मला सांगितलं, "दिवा लागला की गाडी बंद करू नका, हायवेला घ्या. आणि पुस्तकात लिहिलंय तेच ऑईल टाका. स्वस्ताचं टाकलं की जाळी गेली समजा." काही गाड्यांना डिझेलसोबत युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, वेगळ्या टाकीत भरावं लागतं. त्यात पाणी मिसळलं किंवा ते डिझेलच्या टाकीत ओतलं, तरी काम संपलं.

डिझेलचं पंपिंगही आता हजार बारच्या पुढच्या दाबाने होतं. इंजेक्टरची छिद्रं केसाइतकी बारीक. कॅनमधलं, पाणी मिसळलेलं डिझेल जुन्या इंजिनाने पचवलं असेल, नवं पचवत नाही.

म्हणजे नव्या गाड्या वाईट असं नाही. त्यांचा भरवसा आता कंपनीने बनवलेल्या लोखंडाएवढाच ती गाडी कोण चालवतो, कोणत्या रस्त्यावर चालवतो आणि जवळच्या ग्यारेजमध्ये स्कॅनर आहे का, यावर ठरतो.

चौतीस पोती आणि पस्तिसावं पोतं

दादाचं म्हणणं होतं, १.३ टनाची घ्यावी, हप्ता हलका पडेल. मी विचारलं, रोज भरणार किती? तो म्हणाला, "मक्याची तीस-बत्तीस पोती." पन्नास किलोच्या हिशेबाने दीड टनाच्या वर. म्हणजे घेतल्या दिवसापासूनच गाडी मर्यादेबाहेर. १,७०० किलोच्या गाडीत पन्नास किलोची चौतीस पोती बसतात. पस्तिसावं पोतं बसत नाही असं नाही. ते बसतं आणि हळूहळू पाटे, क्लच, टायर, ब्रेक खातं.

आपल्याकडे यावर उपाय म्हणजे पाटे वाढवणे. पण मूळ गाडीत असा बदल केला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. शिवाय चाळीसगावहून वर कन्नड घाट, नाहीतर शिरपूरकडून सेंधव्याच्या बाजूचा बिजासन घाट, मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात आणि भरल्या गाडीने. तिथे ब्रेक तापले तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका. रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. जो माल तुम्ही वाहणार तोच माल वाहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या गाडीत एक फेरी शेजारी बसून मारा.

वॉरंटीतला 'किंवा'

वॉरंटीच्या कागदावर एक छोटा शब्द असतो, 'किंवा'. वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते. समजा तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर लिहिलंय. रोज दीडशे किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ४६,८०० किलोमीटर. तुमची तीन वर्षांची वॉरंटी सव्वादोन वर्षं व्हायच्या आतच संपली. कर्ज मात्र अजून पावणेतीन वर्षं बाकी. घरच्या कारचा आणि धंद्याच्या गाडीचा फरक तो हाच.

यावरून एक कल्पना सुचली. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था गाड्यांच्या टिकाऊपणाची पाहणी करते, तेव्हा नव्या गाडीच्या मालकाला विचारत नाही. तीन वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्याला विचारते. आपल्यालाही ते जमतं. एरंडोल, पारोळा, धरणगाव इथल्या स्टँडवर, बाजार समितीत असे मालक रोज भेटतात. मी दहाएक जणांशी बोलले. 'गाडी कशी आहे' विचारलं की सगळे म्हणतात, एक नंबर. स्वतःच्या गाडीला कोण नावं ठेवेल? पण 'गेल्या वर्षात किती दिवस उभी होती?' असं विचारलं की माणूस बोटं मोजायला लागतो. खरी माहिती तिथे सुरू होते.

मग दादाने काय केलं?

दादाची आवडती गाडी वेगळी होती. नुकतीच बाजारात आलेली, दिसायला भारी. पण तीन वर्षं ती वापरलेला माणूस मिळणंच शक्य नव्हतं आणि तिचं सर्व्हिस सेंटर लांब. शेवटी त्याने १.७ टनाची, रस्त्यावर सगळीकडे दिसणारी गाडी घेतली. पार्ट जळगावात मिळतात, आणि हे त्याने स्वतः दुकानात जाऊन, क्लचप्लेट आणि सेन्सरचं नाव घेऊन खात्री करून घेतलं. म्युझिक सिस्टीम, चकाचक बंपर सगळं रद्द केलं. ते पैसे आणि थोडे वरचे, असे चाळीस हजार वेगळ्या खात्यात ठेवले. त्या खात्याला तो 'उभ्या दिवसांचं खातं' म्हणतो.

गाडीला आता चार महिने झाले. एकदा दिवा लागला होता. दादाने गाडी हायवेला घेतली, पारोळ्यापर्यंत जाऊन आला, दिवा गेला. मावशीची पोत अजून बँकेतच आहे. तिला विचारलं, काळजी वाटते का? ती म्हणाली, "गाडीची नही वाटस. पोरगा रातले झोपस का, ते देखस मी."

चौकट : शोरूममध्ये जाण्याआधी

• रोज किती किलो आणि किती किलोमीटर? हे आधी वहीत लिहा, गाडी नंतर निवडा.

• अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब? तिथे आज किती गाड्या उभ्या आहेत आणि किती दिवसांपासून, हे स्वतः जाऊन बघा.

• गावातल्या मिस्तरींकडे त्या गाडीचा स्कॅनर आहे का?

• क्लचप्लेट, इंजेक्टर, सेन्सर यांचा भाव आणि मिळायला लागणारे दिवस पार्टच्या दुकानात विचारा.

• वॉरंटीत किलोमीटरची अट किती? डीपीएफ, इंजेक्टर त्यात येतात का?

• पासिंगचा खर्च धरा. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

• लायसन्सची चिंता नको. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय, की साडेसात हजार किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

• आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारा. गाडी दहा दिवस उभी राहिली तर हप्ता कुठून भरणार? उत्तर नसेल, तर अजून एक हंगाम थांबा.