दीडशे कोटींचं 'प्राचीन' जेड एका स्टुलामुळे संशयात सापडलं! खरं आणि बनावट जेड ओळखतात तरी कसं?

२०११ मध्ये चीनची राजधानी बीजिंगमध्ये एक लिलाव झाला. विक्रीला होतं जेडमध्ये घडवलेलं एक ड्रेसिंग टेबल आणि त्यासोबतचं स्टूल. ही वस्तू हान राजवटीतली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचं सांगण्यात आलं. बोली पोहोचली २२ कोटी युआनवर. तेव्हाच्या दरानं हे झाले सुमारे दीडशे कोटी रुपये.

फोटो बाहेर आले आणि जाणकारांनी एक साधा प्रश्न विचारला. हान काळातले लोक स्टुलावर बसायचे का?

तर नाही. त्या काळात चीनमध्ये लोक जमिनीवर चटई अंथरून बसायचे आणि समोर बुटकी चौरंगासारखी मेजं असायची. ड्रेसिंग टेबलासमोर स्टूल ओढून बसण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. पुढे जिआंग्सू प्रांतातल्या पिझोऊ इथल्या जेड व्यावसायिकांनी सांगून टाकलं की, ही वस्तू आमच्याकडेच २०१० मध्ये तयार झाली होती.

म्हणजे बनावट ओळखायला प्रयोगशाळा लागलीच नाही. पण प्रत्येक वेळी हे इतकं सोपं नसतं. सोशल मीडियावर 'चीनमधल्या थडग्यात सापडलेलं पाच हजार वर्षांपूर्वीचं जेड' विकणारे व्हीडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यातलं खरं-खोटं कसं ठरवतात, ते समजून घेऊया.

जेड म्हणजे नेमकं काय?

हिरवा दगड म्हटला की आपल्याला पाचू आठवतो. पण जेड म्हणजे पाचू नव्हे आणि ते नेहमी हिरवंच असतं असंही नाही. पांढरं, पिवळसर, करडं, काळं जेडही असतं.

मुळात जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइट आणि जेडाइट. ही दोन्ही वेगळी आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवून दिलं.

प्राचीन चीनमधल्या कोरीव वस्तू आहेत त्या प्रामुख्याने नेफ्राइटच्या. झगझगीत हिरवं जेडाइट म्यानमारमधून चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आलं ते अठराव्या शतकात. त्यामुळे कुणी 'हान काळातलं हिरवंगार जेडाइट' दाखवत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

वय मोजणारं यंत्र नाही का?

सगळी गोम इथेच आहे. लाकूड, हाडं, कापड यांचं वय कार्बन डेटिंगनं काढता येतं. जेड हा दगड आहे. तो तयार झाला कोट्यवधी वर्षांपूर्वी. आपल्याला हवं असतं ते दगडाचं वय नाही, तर तो कोरला कधी याचं उत्तर. ते थेट सांगणारी चाचणी नाही.

सोन्याचा कस लावायला सराफाकडे कसोटीचा दगड असतो. जेडच्या वयासाठी असा एकच दगड नाही. म्हणून तज्ज्ञ चार-पाच बाजूंनी पुरावे गोळा करतात आणि ते एकमेकांशी जुळतात का ते पाहतात.

१. दगड कोणता आहे?

नेफ्राइटची घनता साधारण २.९ ते ३, तर जेडाइटची ३.३ च्या आसपास असते. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून हा फरक काढता येतो. रामन स्पेक्ट्रोस्कोपीसारख्या चाचणीत वस्तूला धक्का न लावता खनिज ओळखता येतं.

बाजारात जेड म्हणून सर्पेंटाइन, रंगवलेला संगमरवर, काच, अगदी रेझिनही खपवलं जातं. पण सर्पेंटाइन निघालं म्हणजे वस्तू बनावटच, असंही नाही. प्राचीन काळातही सर्पेंटाइन वापरलं जायचं. उलट, दगड अस्सल नेफ्राइट निघाला तरी तो गेल्या वर्षी कोरलेला असू शकतो.

'काचेवर ओरखडा उठला म्हणजे खरं जेड', 'हाताला गार लागलं म्हणजे खरं' हे सल्लेही विसरा. काचेवर ओरखडा साधं क्वार्ट्झही उठवतं आणि गार तर काचही लागते.

२. कोरलं कशानं?

नेफ्राइट पोलादी सुरीपेक्षा कठीण असतं. त्यामुळे ते छिन्नीनं कोरता येत नाही, घासावं लागतं. प्राचीन कारागीर दोरी किंवा पातळ पट्टीसोबत ओली, कठीण वाळू वापरून तासन् तास दगड घासायचे. पुढे फिरत्या चकत्या आल्या.

या प्रत्येक पद्धतीची खूण दगडावर राहते. दोरीनं कापलं तर वक्र रेषा उमटतात. भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणलं तर मध्ये, जिथे दोन्ही भोकं मिळतात तिथे, बारीक कडा राहते. आजच्या विजेवर चालणाऱ्या हिऱ्याच्या टोकानं मात्र एकसारखे, धारदार चरे पडतात.

ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधकांनी यासाठी एक युक्ती वापरली. कोरीव रेषांचे सिलिकॉनचे साचे घ्यायचे आणि ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहायचे. पाच हजार वर्षांपूर्वीची म्हणून सांगितलेली वस्तू जर विजेच्या यंत्रानं कोरलेली असेल, तर ती इथे पकडली जाते.

३. रंग आत मुरलाय की वरून लावलाय?

शेकडो वर्षं मातीत राहिलेल्या जेडचा रंग बदलतो. काही ठिकाणी ते पांढुरकं, खडूसारखं होतं. भेगांमध्ये तपकिरी डाग मुरतात.

बनावट करणारे नेमकी हीच नक्कल करतात. दगड तापवणं, आम्लात बुडवणं, रंगात उकळणं, माती फासणं असे प्रकार चालतात. हे आजचं नाही. जेड मेंढीच्या पायात शिवून ठेवायचं किंवा मेलेल्या कुत्र्याच्या पोटात घालून पुरायचं, म्हणजे त्यावर 'जुनाट' छटा येते, अशी वर्णनं जुन्या चिनी लिखाणात आहेत.

अशा वेळी तज्ज्ञ बघतात की, डाग दगडाच्या भेगांप्रमाणे गेलाय की सगळीकडे सारखाच पसरलाय. आणि कोरीव रेषेच्या आत रंग कसा बसलाय. आधी डाग पडलेला दगड नंतर कोरला असेल, तर डाग मध्येच कापल्यासारखा दिसतो.

४. नक्षी त्या काळाची आहे का?

इथे तुलना होते ती रीतसर उत्खननात सापडलेल्या वस्तूंशी. हांगझोऊजवळच्या लिआंगझू संस्कृतीतले 'त्सोंग' म्हणजे बाहेरून चौकोनी आणि आत गोल पोकळी असलेले जेड. १९७६ मध्ये आनयांगला सापडलेल्या राणी फू हाओच्या थडग्यात साडेसातशेहून जास्त जेड वस्तू मिळाल्या. कुठल्या काळात डोळे कसे कोरायचे, रेषा कशी वळायची, हे अशा वस्तूंमुळे कळतं.

दोन वेगळ्या काळांची नक्षी एकाच वस्तूवर दिसली, तर शंका घ्यायला जागा असते. पण घाई नको. चिनी सम्राट छियानलोंगनं हजारो वर्षं जुन्या जेडच्या चकतीवर १७९० मध्ये स्वतःची कविता कोरून घेतली होती. ती चकती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तसंच सोंग काळापासून कारागीर आवडीनं जुन्या शैलीत वस्तू घडवत आले. ती फसवणूक नव्हती. पण तीच वस्तू आज 'हान काळातली' म्हणून विकली, तर मात्र फसवणूक ठरते.

५. वस्तू आली कुठून?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आधी कुणाकडे होती, कधी विकली गेली, जुनी पावती, जुना फोटो, संग्रहालयाची नोंद आहे का?

'एका शेतकऱ्याला शेतात सापडली' ही गोष्ट ऐकायला छान वाटते. पण चीनच्या कायद्यानुसार जमिनीखालचा पुरातन ठेवा सरकारच्या मालकीचा असतो. म्हणजे विक्रेता खोटं बोलत असेल तर वस्तू बनावट आणि खरं बोलत असेल तर ती चोरीची! चोरट्या खोदकामात थडगं उद्ध्वस्त होतं, आणि वस्तू कुणाची, कधीची हे सांगणारा पुरावाही त्यासोबत कायमचा जातो.

मग सर्टिफिकेटचं काय?

रत्नांच्या प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट साधारणपणे एवढंच सांगतं की, हे खनिज कोणतं आणि त्यावर प्रक्रिया झाली आहे का. वस्तू कधी कोरली, ते त्यात नसतं. 'नैसर्गिक नेफ्राइट' लिहिलेला कागद दाखवून 'प्राचीन' म्हणून वस्तू विकणं ही जुनी चलाखी आहे.

आणि तज्ज्ञांचा शब्द? चीनमध्येच एका व्यावसायिकानं सोन्याच्या तारेनं शिवलेला जेडचा पोशाख बँकेपुढे ठेवला. १९६८ मध्ये हबेई प्रांतात राजपुत्र लिउ शेंगच्या थडग्यात खरोखरच असा पोशाख सापडला होता, २,४९८ तुकड्यांचा. पण व्यावसायिकाकडचा पोशाख बनावट होता. पाच नामांकित तज्ज्ञांनी त्याची किंमत २४० कोटी युआन ठरवली. २०११ मध्ये माध्यमांतून समोर आलं की, त्यांनी तो काचेच्या पेटीबाहेरूनच पाहिला होता. तोपर्यंत बँकेनं कर्जाचे पैसे दिलेही होते.

म्हणून एखादी वस्तू आवडली तर जरूर घ्या, पण नवी कलाकुसर म्हणून आणि नव्या वस्तूच्या किमतीत. 'प्राचीन' या शब्दासाठी जादा पैसे मोजायचे असतील, तर विक्रेत्याला आधी एकच विचारा. हे आजवर कुणाकुणाकडे होतं, आणि त्याचा कागद कुठे आहे?