निजाम रेल्वेचा आगीचा बंब

भुसार मालाच्या धंद्यात ज्याने आयुष्य घालविले, त्यास पावसाइतकीच आगीची धास्ती असते. भिजलेला माल वाळवून, चाळून चार आणे तरी पदरी पडतात. आगीत मात्र माल, बारदान आणि खातेवह्या एकदमच जातात. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी ‘आपल्या शहराचा जुना ठेवा’ या विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवला तो एक लाल बंब.

काही वर्षांपूर्वी व्यापारानिमित्त दिल्लीस गेलो असता नातवाच्या हट्टाखातर चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहिले. आगगाड्यांच्या इंजिनांच्या गर्दीत हा बंब उभा होता. मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड गावी जॉन मॉरिस अँड सन्स या कंपनीने तो १९१४ साली बांधला, आणि तो होता आपल्या हैदराबादच्या निजाम रेल्वेचा! चाकांना भरीव रबर, वर शिडी, आणि जवानांना बसावयास छप्पर नसलेली उघडी बाके. आज शंभरी उलटल्यावरही तो नुसता शोभेचा राहिलेला नाही. दिल्लीतील जुन्या मोटारींच्या ‘स्टेट्समन’ रॅलीत तो स्वतःच्या बळावर धावलेला आहे. ज्या हातांनी तो चालू ठेवला, त्यांस माझे वंदन. कारण जुने यंत्र रंगवून काचेआड ठेवणे सोपे. ते चालते ठेवणे कठीण. पंपात पाणी राहिले की गंज धरतो, महिनोन्‌महिने न फिरविल्यास आतील चामड्याचे व रबराचे वायसर सुकून तडकतात, आणि पितळ चकाकावे म्हणून नित्य घासले तर कारखान्याच्या पाटीवरील अक्षरेच झिजून जातात.

बंब म्हणजे काय, हे मुंबईच्या गोदीने १४ एप्रिल १९४४ रोजी दाखविले. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! (कोणता आडत्या असा माल एकत्र रचील?) कापूस धुमसू लागला. बंबवाले पाण्याचा मारा करीत जहाजावरच उभे होते, आणि सायंकाळी चारच्या सुमारास स्फोट झाला. सहासष्ट अग्निशामक त्या दिवशी कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

आता एक कबुली. आमच्या गुदामात वडिलांनी महायुद्धाच्या काळात घेतलेला एक पितळी हातपंप होता. बादलीत उभा करावयाचा, पट्टीवर पाय रोवून एकाने दट्ट्या हाणावयाचा व दुसऱ्याने नळी धरावयाची. मी लहान असता एका रात्री हरभऱ्याच्या थप्पीस आग लागली. बारदान आतल्या आत धुमसत होते. पाणी फार ओतावे तर डाळ-दाणा फुगून भिंतीस रेटा देतो. वडिलांनी त्या पंपाने नेमके जेथे धुमसत होते तेथेच पाणी मारले आणि उरलेली पोती हमालांकडून ओढून काढविली. निम्म्याहून अधिक माल वाचला.

तो पंप मी पुढे गुदाम दुरुस्त करताना भंगारवाल्यास वजनावर दिला. काय भाव मिळाला, तो खात्यात लिहिलेला आहे. पंप मात्र कोठेच नाही. दिल्लीत त्या लाल बंबापुढे उभा असता नातवाने विचारले, “आजोबा, आपल्याकडे असे काही होते का?” मी त्यास तिकिटघराजवळच्या आइस्क्रीमवाल्याकडे नेले.

सभासद बंधूंनो, आपल्या जुन्या पेढ्यांतून, गुदामांच्या माळ्यांवर वाळूच्या लाल बादल्या, नळीची पितळी तोंडे, धोक्याच्या घंटा, विम्याच्या जुन्या पाट्या पडल्या असतील. त्या विकण्यापूर्वी एकदा संघाच्या कार्यालयात दाखवा. कोणाच्या, कोणत्या साली घेतलेल्या, कोठे वापरल्या, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा. भंगाराचा जो भाव त्या दिवशी असेल, तो मी स्वतः रोख चुकता करीन.